मायनस चाळीसची बाग

फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रसन्न कारखानीसला त्याच्या कंपनीने अतिशय प्रेमाने काढून टाकलं. प्रेमाने म्हणजे खरोखरच प्रेमाने. काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली, आणि एरवी क्लायंट आल्याशिवाय ज्यांचं दर्शन होत नसे ती चॉकलेटची बिस्किटंही पुढे केली. बिस्किटं बघूनच खरं तर त्याने ओळखायला हवं होतं. एचआरच्या बाई म्हणाल्या, "हे तुझ्याबद्दल नाहीये, तुझ्या पोझिशनबद्दल आहे." त्या पोझिशनवर गेली सहा वर्षं प्रसन्नच बसलेला असल्यामुळे पोझिशन गेली की तो नेमका कुठे उरतो, हे त्याला कळलं नाही. पण त्याने मान डोलावली. पगार मे अखेरपर्यंत मिळणार होता, ऑफिसला मात्र उद्यापासून यायचं नव्हतं. याला गार्डन लीव्ह म्हणतात, असं बाईंनी समजावलं आणि दारापर्यंत सोडायला येऊन "एन्जॉय युअर गार्डन" अशा शुभेच्छाही दिल्या.

प्रसन्नला गार्डन नव्हतं. हॉलंडमधल्या रायस्वाइक गावात एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर त्याचा फ्लॅट होता. मागच्या बाजूला सायकलींची शेड होती आणि पुढे फुटपाथ.

त्याची बायको पूर्णिमा आठ वर्षांपूर्वी त्याच्या व्हिसाला जोडलेलं सामान म्हणून या देशात आली होती. आता ती हेगमधल्या एका चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती आणि डच माणसांच्या नाकावर फ्रेम नीट बसवत होती. तिने बातमी ऐकली, बूट काढले आणि म्हणाली, "ठीक आहे. दुसरी शोधू. भात लावलायस का?"

प्रसन्नला याहून जरा जास्त हळहळ अपेक्षित होती. पण भात खरंच लावायचा राहिला होता.

अडचण आली ती दुसऱ्या दिवशी. अकोल्याहून त्याच्या आईचा, जयंतीबाईंचा, रोजच्यासारखा व्हिडिओ कॉल आला. मंगळवारी भर दुपारी मुलगा सोफ्यावर बसलेला पाहून त्या म्हणाल्या, "अरे, आज घरी? बरं नाही का?"

"गार्डन लीव्ह आहे आई," प्रसन्न म्हणून गेला.

"म्हणजे काय?"

इथे खरं बोलायला पुष्कळ जागा होती. प्रसन्नने ती वापरली नाही. "म्हणजे... बागेसाठी सुट्टी."

"बागेसाठी?"

"हो. इथे देतात. वसंताच्या आधी."

जयंतीबाई युरोपविषयीच्या आदराने भारावल्या. त्या दिवशी कॉलनीतल्या संध्याकाळच्या बैठकीत, हॉलंडचं सरकार माणसाला बाग करायला तीन-चार महिन्यांची भरपगारी रजा देतं, ही माहिती प्रसृत झाली. आपल्याकडे मात्र बाळंतपणाची रजासुद्धा भांडून घ्यावी लागते, अशी त्यावर चर्चाही झाली. आणि बुधवारी सकाळी फोन आला: "दाखव बरं बाग."

"अजून बर्फ आहे आई," प्रसन्न म्हणाला. बर्फ नव्हता. रिमझिम पाऊस होता.

"बर्फ वितळला की दाखव," जयंतीबाई म्हणाल्या. अशा रीतीने बाग करणं भाग पडलं.

गेमेन्टेचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, एक नियम प्रसन्नला वेबसाइटवर सापडला. घराच्या भिंतीलगतची, फुटपाथच्या फरश्यांची एक ओळ काढून तिथे झाडं लावता येतात. एक ओळ म्हणजे जेमतेम दीड फूट रुंद आणि खिडकीच्या लांबीएवढी जागा. घरातला सोफा तिथे ठेवला असता तर बाहेर आला असता. पण प्रसन्न आधीच्या नोकरीसकट दहा वर्षं डिलिव्हरी मॅनेजर, म्हणजे प्रकल्प वेळेत पार पाडणारा माणूस, होता. जागा केवढी आहे यावर प्लॅनिंग अवलंबून नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने या पट्टीचा नकाशा काढला. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, रिस्क काय, रिस्कवर उपाय काय, सगळ्याचं एक्सेल केलं. पट्टीला त्याने 'ईस्ट झोन' आणि 'वेस्ट झोन' असं विभागलं. दोन्ही झोन एकाच ढांगेत ओलांडता येत होते.

त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. पारा उणे सहापर्यंत उतरला, कालव्याच्या कडेला बर्फाची पापडी धरली आणि बदकं त्यावरून घसरू लागली. प्रसन्नने निष्कर्ष काढला, की हा अतिथंड प्रदेश आहे आणि इथे कच्च्या झाडांचा निभाव लागणार नाही. सल्ल्यासाठी त्याने आल्मेरेला राहणाऱ्या हरीश नावाच्या मित्राला फोन लावला. हरीश पाच वर्षं कॅनडात विनिपेगला काढून आला होता आणि तेव्हापासून थंडी या विषयावर महाराष्ट्र मंडळात दुसऱ्या कोणाला तोंड उघडू देत नसे.

"उणे सहा?" हरीश हसला. "त्याला आम्ही टी-शर्टची हवा म्हणायचो. पण तू सेफ खेळ. मायनस चाळीसला जगलेलंच झाड घे. तिथे जगलं ते इथे झोपेत जगेल."

"फुलेल पण?"

"अरे, जगलं की फुलतंच!"

या तत्त्वावर प्रसन्नने झाडं निवडायला घेतली. आल्प्समध्ये कड्यावर उगवणारं एडलवाइस. सायबेरियाच्या माळावर वाढणारं बर्जेनिया. बर्फातून डोकं काढणारं, केसाळ पाकळ्यांचं जांभळं पल्साटिला. जमिनीवर गालिच्यासारखा पसरणारा फ्लॉक्स. सिला नावाच्या निळ्या फुलांचे कंदही त्याला हवे होते, पण वसंतात फुलणारे कंद आदल्या शरदातच मातीत घालावे लागतात आणि दुकानात ते सप्टेंबरनंतरच येतात, हे त्याला फेब्रुवारीच्या अखेरीस कळलं. एक्सेलमध्ये ती ओळ त्याने लाल केली आणि 'सप्लायर डिले' असं लिहिलं.

लॅपटॉपमध्ये डोकावत पूर्णिमा म्हणाली, "हे छान दिसतंय. गुलाबी. काय नाव?"

"ब्लीडिंग हार्ट. अत्यंत काटक आहे."

"नको मग. रक्तबंबाळ आणि काटक, असं घरात एक आहे."

"मी सीरियसली बोलतोय, पूर्णिमा."

"मीही सीरियसली सांगतेय. सुपरमार्केटच्या दारात ते पिवळे-जांभळे प्रिमुला ठेवलेत बघ कुंडीत. फुललेलेच आहेत. मी येताना घेऊन येते."

"ते सगळेच घेतात."

"म्हणूनच म्हणतेय."

प्रसन्नने या सूचनेची नोंद घेतली, म्हणजे काही केलं नाही. रोपं ऑनलाइन मागवली. प्रत्येक रोपाच्या चिठ्ठीवर 'विंटरहार्ड' असं ठसठशीत छापलेलं होतं. हिवाळ्याला न डरणारं. तो शब्द वाचून त्याला स्वतःलाच जरा बळ आल्यासारखं वाटलं.

फरश्या काढायच्या दिवशी वरच्या मजल्यावरचे बाउके खाली आले. ते निवृत्त होते आणि त्यांची सायकल गेली वीस वर्षं त्याच भिंतीला टेकून उभी होती.

"इथे झाडं?" ते म्हणाले. "मी सांगू, सगळ्यात चांगलं झाड कोणतं? फरशी. पाणी लागत नाही, गोगलगाय खात नाही, आणि सायकल टेकवता येते."

"सायकल शेडमध्ये ठेवा ना," प्रसन्न शक्य तितक्या सौम्य डचमध्ये म्हणाला.

"शेडमध्ये चोरीला जाते."

"रस्त्यावर नाही जात?"

"एवढ्या वर्षांत नाही गेली," बाउके म्हणाले, आणि हा प्रश्न तिथेच संपला.

फरश्यांखाली निव्वळ पिवळी वाळू निघाली. ती पाहून प्रसन्न खचला. इतक्या निकस वाळूत काय उगवणार? त्याने सगळी वाळू उपसली आणि गार्डन सेंटरमधून काळीभोर, लोण्यासारखी, ओल धरून ठेवणारी माती आणून भरली. वाळू बाउकेंनी आनंदाने उचलून नेली. कड्याकपारीत जन्मलेल्या झाडांना आयुष्यात हवी असते ती तशीच वाळू, पाणी टिकू न देणारी, भुकेकंगाल. पण चिठ्ठीवरची ती बारीक अक्षरातली ओळ प्रसन्नने वाचली नव्हती. 'विंटरहार्ड'पाशीच त्याचं समाधान झालं होतं.

आणि मग थंडी पडलीच नाही. मार्चमध्ये पारा एकदाही शून्याच्या जवळ फिरकला नाही. पडला तो पाऊस. सकाळी पाऊस, दुपारी पाऊस, मधूनमधून बदल म्हणून आडवा पाऊस. छतावरून उतरणाऱ्या पाइपाला ईस्ट झोनच्या बरोबर वर चीर होती, ती कोणालाच माहीत नव्हती. आता एडलवाइसला माहीत झाली. मायनस चाळीसच्या परीक्षेला जय्यत तयारीनिशी बसलेलं ते बिचारं झाड अधिक आठमध्ये, गुडघाभर चिखलात, कुजून गेलं. पल्साटिला काळं पडलं. फ्लॉक्सचा गालिचा गोगलगायींनी पंगत मांडून संपवला. एकटं बर्जेनिया टिकलं, पण ते फुलायचं नाव घेईना. नुसती जाड, चकचकीत पानं पसरून बसलं.

"कोबी लावलास का?" जयंतीबाईंनी फोनवर ती पानं पाहून विचारलं.

"नाही आई. बर्जेनिया. सायबेरियातलं आहे."

"आणि फुलझाडं?"

"ती... मागच्या बाजूला आहेत."

"मग मागची बाजू दाखव."

रविवारी तो फोन घेऊन बाहेर पडला. मुलगी मृण्मयीही बरोबर होती. ती अकरा वर्षांची, तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र ती ज्या भाषेत सोपं पडेल त्या भाषेत द्यायची. दहा मिनिटांवर एक मोठं सार्वजनिक उद्यान होतं. तिथे गवतात जांभळे-पांढरे क्रोकस उमलले होते, तळ्याकाठी डॅफोडिल्स डोलत होते आणि मॅग्नोलियाचं एक झाड पानं यायच्या आधीच फुलांनी लगडलं होतं. प्रसन्नने कॅमेरा फिरवला.

"अगंबाई!" जयंतीबाई म्हणाल्या. "हे सगळं आपलं?"

"हो," प्रसन्न म्हणाला.

"दॅट्स नॉट अवर्स!" मृण्मयी मोठ्याने म्हणाली.

"काय म्हणते ती?"

"म्हणते, आपलं एकट्याचं नाही, सगळ्यांचं आहे."

"गुणाची गं पोर ती! संस्कार लागतात याला."

मृण्मयीने बापाकडे असं काही पाहिलं, की त्याने फोन आकाशाकडे वळवला. घरी येऊन तिने सगळा प्रकार आईला सांगितला. पूर्णिमा शांतपणे म्हणाली, "प्रसन्न, मला नोकरी गेल्याचं काही वाटलं नव्हतं. आज वाटतंय."

"अगं, त्यांना काळजी नको म्हणून..."

"त्यांना नको म्हणून, की तुला नको म्हणून?"

त्यावर तो लॅपटॉप उघडून बसला. नोकऱ्यांचे अर्ज तो रोज करत होता, हे खरं होतं. उत्तरंही येत होती. सगळी उत्तरं अत्यंत सभ्य होती आणि सगळ्यांचा अर्थ एकच होता. बिस्कीट तेवढं आता कोणी देत नव्हतं.

एप्रिलमध्ये जयंतीबाईंनी आनंदाची बातमी दिली. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाने प्रसन्नचं ऑनलाइन व्याख्यान ठेवलं होतं. विषय: 'अतिथंड प्रदेशातील वसंतबाग: झाडांची निवड'.

"आई, अकोल्यात बेचाळीस डिग्री आहे. त्यांना काय करायचंय अतिथंड प्रदेश?"

"म्हणूनच तर. ऐकून तरी गार वाटेल."

नाही म्हणायची वेळ गेली होती. पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरली होती आणि तीत त्याच्या नावामागे 'बागतज्ज्ञ' असं छापलं होतं.

व्याख्यानाच्या दिवशी रायस्वाइकमध्ये वीस डिग्री ऊन होतं. प्रसन्न मात्र विषयाला शोभावं म्हणून स्वेटर घालून बसला आणि घामाने निथळू लागला. पडद्यावर अकोल्याचा हॉल दिसत होता. पंखे गरगरत होते, पंचवीस-तीस ज्येष्ठ नागरिक पन्हं पीत बसले होते आणि पहिल्या रांगेत जयंतीबाई इस्त्रीच्या साडीत, शेजारणीकडे वळून वळून बघत होत्या. प्रसन्न मात्र बोलला चांगलं. काटकपणा म्हणजे काय, मुळं बर्फाखाली कशी तग धरतात, झाड निवडताना आधी तिथला सर्वांत वाईट हिवाळा बघावा आणि मग झाडाकडे बघावं. उद्यानातले फोटोही दाखवले. टाळ्या पडल्या. एका आजींनी, गुलाबाला चहाचा चोथा घालावा का, असं विचारलं. प्रसन्नने, घालावा, असं सांगितलं.

मग मागच्या रांगेतून बँकेतून निवृत्त झालेले मनोहर साबळे उठले.

"व्याख्यान उत्तम. पण तो मॅग्नोलियाचा फोटो परत लावता का? हां. वर उजवीकडे फांदीवर काय आहे ते?"

प्रसन्नने पाहिलं. फांदीवर हिरवागार, लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला पोपट बसला होता आणि निवांतपणे कळी कुरतडत होता. त्या भागात असे पोपट शेकड्यांनी होते, कोणे एके काळी पिंजऱ्यातून सुटलेल्यांचे वंशज. प्रसन्नला त्यांची इतकी सवय झाली होती, की फोटो काढताना तो दिसलाही नव्हता.

"पोपट आहे," तो म्हणाला.

"आपल्याकडचाच ना? मग अतिथंड प्रदेशात पोपट कसा राहतो?"

हॉलमध्ये हशा पिकला. प्रसन्नही हसला. खरं म्हणजे ते प्रकरण तिथेच मिटायला हरकत नव्हती. पण साबळे खाली बसले नाहीत.

"आणि अजून एक. ही गार्डन लीव्ह म्हणजे... माझा भाचा लंडनला आहे, त्यालाही गेल्या वर्षी मिळाली होती. त्यात बाग नसते हो. नोकरी गेली, की नोटिशीच्या काळात घरी बसवतात, त्याला म्हणतात. तुमच्याकडे निराळी असते का?"

हशा थांबला. प्रसन्नने तोंड उघडलं. त्याच्याकडे तयार उत्तर होतं, 'नेदरलँड्समध्ये जरा वेगळं आहे', इतकं सोपं. पण पहिल्या रांगेत आईचा चेहरा दिसत होता. ती त्याच्याकडे बघत होती, मान ताठ आणि पन्ह्याचा पेला हातात तसाच.

"नाही," तो म्हणाला. "निराळी नसते. माझी नोकरी गेलीय. फेब्रुवारीत. आणि ती बागही माझी नाही. सार्वजनिक आहे."

जयंतीबाई उठून उभ्या राहिल्या. "साबळेसाहेब, प्रश्न झाडांपुरते ठेवायचे असं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "आभारप्रदर्शन करा आता." आभार मानले गेले. वक्त्याच्या सखोल ज्ञानाचे मानले गेले, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. प्रसन्नने दोनदा लावला, कोणी उचलला नाही. पूर्णिमा दुकानातून आली, की तो विचारायचा, "तुला आला का?" ती नुसती मान हलवायची. चौथ्या दिवशी तिने त्याला आपणहून चहा करून दिला आणि म्हणाली, "येईल. तोवर अर्ज कर." त्यात टोमणा नव्हता. त्याला टोमण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

फोन शनिवारी आला.

"जेवलास?" जयंतीबाईंनी विचारलं.

"हो."

"पूर्णिमाचा पगार पुरतो का?"

"पुरतो. काटकसर करतो."

"हं." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "नोकरी जाते रे माणसाची. तुझ्या बाबांची गिरणी बंद पडली, तेव्हा कॉलनीभर माहीत होतं. कोणी तोंड लपवलं नाही. तुला नोकरी गेली हे सांगायची लाज वाटली, आणि लोकांची बाग आपली म्हणून दाखवायची नाही वाटली? त्या पोरीसमोर?"

प्रसन्न म्हणाला, "चुकलं, आई."

"चुकलंच. मी शेजारच्या मंजूषाला सांगितलं होतं, माझ्या मुलाचं तळं आहे."

इतकं गंभीर बोलणं चाललेलं असताना, शेजारी बसलेल्या पूर्णिमाला हसू फुटलं. आधी तिने ठसका लागल्यासारखं केलं, पण ते जमेना. मग प्रसन्नलाही हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. जयंतीबाई मात्र हसल्या नाहीत. तळ्याचं दुःख त्यांना खरंच झालं होतं.

नोकरी जूनमध्ये लागली. डेल्फ्टमधली छोटी कंपनी, खालचं पद, सायकलने जाण्याच्या अंतरावर. मुलाखतीत मधल्या चार महिन्यांबद्दल विचारलं, तेव्हा त्याने, काढून टाकलं होतं, असं सरळ सांगितलं. समोरचा गृहस्थ म्हणाला, "मलाही दोनदा." आणि पुढचा प्रश्न विचारला. इतकं सोपं असतं, हे पाहून प्रसन्नला जरा अपमानच वाटला. हरीशला कळल्यावर त्याने अभिनंदन केलं आणि विनिपेगमध्ये आपल्याला उणे पस्तीसमध्ये कसं काढून टाकलं होतं, ते अर्धा तास ऐकवलं. हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी प्रसन्न आणि पूर्णिमा गार्डन सेंटरमध्ये उभे होते. समोर कंदांच्या पेट्या होत्या: डॅफोडिल, क्रोकस, सिला, ट्युलिप. प्रसन्नने सवयीने चिठ्ठी उलटून बारीक अक्षरं वाचायला घेतली. पूर्णिमाने तोवर दोन्ही हातांनी पिशवी भरायला सुरुवात केली होती.

"निचरा बघायला हवा," तो म्हणाला.

"बघ ना. मी रंग बघते."

फोन वाजला. जयंतीबाईंनी पेट्यांवरून कॅमेरा फिरवून घेतला. "हे तर कांदे आहेत," त्या म्हणाल्या.

"फुलांचे आहेत आई. मार्चमध्ये फुलतील."

"कितीला दिले?"

प्रसन्नने किंमत सांगितली, युरोत आणि रुपयांतही, खरीखुरी.

"एवढे महाग कांदे? थोडेच घे," जयंतीबाई म्हणाल्या. "आणि पिवळे घे. पिवळे लांबून दिसतात."

"आई, पिवळेच घेतलेत मी," पूर्णिमा फोनमध्ये डोकावून म्हणाली. प्रसन्नने चिठ्ठी पेटीत परत ठेवली आणि पिशवीचं तोंड तिच्यासाठी उघडून धरलं.